न वाजणारा कोळसा

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर संध्याकाळी ग्लासभर धारोष्ण दूध प्यायचं, ही माझी जुनी सवय. निवृत्त झाल्यापासून दिवसाकाठी माणसांशी चार शब्द होतात ते तिथेच. दीड-दोन महिन्यांपूर्वी असाच ग्लास हातात घेतला होता. म्हशीखाली बसलेला दूधवाला मान वर न करताच म्हणाला, "सर, तुमचं झारेकरी गेलं की. परवा दुपारी माती झाली. तुमी कसं दिसला न्हाईसा?" कोण झारेकरी, असं मी विचारलं नाही. कोल्हापुरात झारेकरी आणखीही असतील, 'माझे' म्हणावेत असे एकच होते. ग्लासावरचा फेस बसला, दूध निवलं, आणि मी तसाच खांबासारखा उभा... मला कुणी कळवलं नव्हतं. का कळवावं? नऊ वर्षांत मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. दूध न पिताच मी घरी आलो.

सराफांच्या दुकानांतला केर गोळा करायचा, तो धुवायचा, भाजायचा, तेजाबात विरघळवायचा आणि त्यातून सोन्या-चांदीचा कण न् कण वेगळा काढायचा, हा झारेकऱ्याचा धंदा. माझ्या त्या झारेकऱ्यांच्या, दस्तगीरभाईंच्या घरात तो आज्यापासून चालत आलेला. आमची ओळख झाली सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. मुलांनी प्रयोगात वापरलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा गाळ आम्ही बरण्यांत साठवायचो, आणि त्यातली चांदी काढून द्यायला कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून एक उंच, वाळकेसे गृहस्थ प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. दहाही बोटं पिवळीजर्द. नायट्रिक ॲसिड म्हणजेच तेजाब कातडीला लागला की असा डाग पडतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेलो, पण त्या क्षणी बावळटासारखा म्हणालो, "हाताला हळद लागलीय वाटतं?" ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "व्हय की सर, आमचं रोजच लगीन!" मग स्वतःच हसले, आणि हसता हसता खोकला लागला. तो इतका लांबला की मला त्यांना स्टुलावर बसवून पाणी द्यावं लागलं.

पुढं चांदी घ्यायला मीच त्यांच्या घरी गेलो. परसात पत्र्याची एक शेड, तिला वर एकच झरोका. आत चिनी मातीच्या थाळीत तेजाब ओतला की भसाभस तांबूस धूर निघायचा. झरोक्यापाशी लिंबाचं झाड होतं, त्याची शेडकडची बाजू पार वाळलेली. त्यांच्या पत्नी, हमीदाभाभी, धुणं कधी त्या बाजूला वाळत घालत नसत. साडीला भोकं पडायची म्हणे. साडीला भोकं पडतात तिथं माणसाच्या छातीचं काय होत असेल? मी तसं बोललोही. दस्तगीरभाई टॉवेल नाकावरून खाली ओढत म्हणाले, "अब्बा ह्याच धुरात गेलं, सर. शेवटी दोन पावलं चाललं की बसायचं. माझी बी पाळी हाय, लिवून ठेवा." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की माझं डोकंच फिरलं. मी मुळात चिडका माणूस. लग्नाच्या भानगडीत पडलो नाही ते बरं झालं, असं माझे सहकारी माझ्या तोंडावर म्हणत. मी तिथल्या तिथं ओरडलो, "लिहून काय ठेवा? ह्याला उपाय असलाच पाहिजे!" भाभी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दचकून दारातच थांबल्या.

आता हे जरा समजावून सांगतो. तीस वर्षं शिकवायची खोड, ती काही जात नाही. हा तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांची जोडी. एकटा नायट्रोजन अगदी गरीब. आपण श्वासात घेतो त्या हवेत सगळ्यात जास्त तोच असतो. जोडी झाली की मात्र छाती जाळतो. लालबुंद तापलेल्या कोळशातून हा धूर नेला तर कोळसा त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि बाहेर पडतो निव्वळ गरीब नायट्रोजन. कागदावर इतकं सोपं. मी कॉलेजातून चिनी मातीची हातभर नळी आणली. दस्तगीरभाईंनी ती भट्टीत आडवी बसवली, तीत करवंटीचा कोळसा भरला, आणि थाळीवर झाकण घालून सगळा धूर भात्यानं त्या नळीतून जाईल अशी सोय केली. धूर काचेच्या बरणीत धरला तर काय, अगदी स्वच्छ! रंग नाही, काही नाही. मी तर त्यांच्या पाठीवर थापच मारली. दस्तगीरभाईंनी कौतुकानं बरणीचं बूच काढलं, हवा आत गेली, आणि डोळ्यांदेखत बरणी पुन्हा तांबूस झाली. "सर," ते म्हणाले, "ह्यो परत आला की!" कोळशानं अर्धाच ऑक्सिजन काढला होता, हवा मिळताच गड्यानं तो परत मिळवला.

तिथून दोन वर्षं आमचं घोडं अडलं. रविवार आला की मी सायकल काढून तिकडे. भट्टी कमी-जास्त तापवून पाहिली, नळी लांब केली, धूर हळू सोडला... बरणी उघडली की पाहुणा परत हजर. कोळशाबद्दल मात्र आम्हाला दोघांनाही शंका नव्हती. कोळसा निवडायचा तो दस्तगीरभाईंनीच. तुकडा कानाशी धरायचा आणि नखानं टिचकी मारायची. काचेसारखा खणकन वाजला तर उत्तम, नाही तर बाजूला. खड्ड्यात मातीखाली मंद मंद, दिवसभर भाजलेला, टणक, वाजणारा कोळसा म्हणजे अस्सल, हे त्यांच्या आज्यानं सांगितलेलं. मलाही ते पटत होतं. चांगला भाजलेला तो चांगला कोळसा, यात विचारायचं काय? आम्ही दोन वर्षं निवडून निवडून नेमका नको तोच कोळसा नळीत भरत होतो.

एका रविवारी मी पोचलो तर निवडलेला कोळसा संपलेला. भाभींनी चुलीला घातला होता. मी फणफणलो. दस्तगीरभाईंना माझा राग सोसायचा नाही, म्हणजे माझी दया यायची त्यांना. त्यांनी घाईघाईनं वाळक्या करवंटीचे तुकडे केले आणि भट्टीत लाल झालेल्या, चांदी वितळवायच्या रिकाम्या मुशीतच टाकून वर झाकण दाबलं. फुस्सकन वाफा आणि धूर निघाला. पाच-दहा मिनिटांत तुकडे काढून राखेत निववले. कोळसा कसला, हातात घेतला तर चुरा. कानाशी धरला तर मुका. "हा काय भुसा आणलाय?" मी म्हणालो. "आजच्यापुरता भरूया की," ते म्हणाले. भरला. धूर सोडला, बरणी धरली, बूच काढलं. आम्ही दोघं बघत बसलो. चहा झाला, पान झालं... बरणी स्वच्छच. दस्तगीरभाईंनी बरणीत नाक घालून हुंगलं आणि मग ती माझ्या नाकाशी धरली. "काय न्हाय सर," ते हळूच म्हणाले. "नुसती हवा हाय."

पुढचं वर्षभर आम्ही तेच करून पाहिलं, आता डोळे उघडे ठेवून. तीच करवंटी मंद तापवली की आतला वायू सावकाश निघून जातो आणि कोळसा आपली बारीक छिद्रं मिटवून घट्ट बसतो. एकदम धगीत टाकली की वायू फुटून बाहेर पडतो आणि मागं छिद्रंच छिद्रं राहतात. तापल्या वाळूत चुरमुरा फुलतो ना, तसं. धुराला आत शिरायला वाट मिळते ती त्या छिद्रांतूनच. मी आयोडिनच्या पाण्यात दोन्ही कोळसे हलवून बघायचो. वाजणाऱ्यानं रंग तसाच ठेवलेला, मुक्यानं पिऊन टाकलेला. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. फुललेला चांगला कोळसा जरी कडक आचेवर तासन् तास ठेवला, तरी तोही हळूहळू मिटतो, टणक होतो, आणि वाजायला लागतो. हे मी माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. कोळशाला तिखट धग द्या, झटकन काढा, मग पुन्हा भाजत बसू नका. त्या रविवारांसारखे दिवस मला आयुष्यात पुन्हा मिळाले नाहीत. दस्तगीरभाई आता टिचकी मारून जो वाजेल तो फेकायचे आणि म्हणायचे, "आज्जा असता तर पायताण काढलं असतं!" त्यांचा खोकला उतरला होता. लिंबाच्या वाळक्या बाजूला पालवी आली, ती दाखवायला भाभींनी मला हात धरून नेल्यासारखं बोलावून नेलं.

मग मला वाटलं, हे एकट्या दस्तगीरभाईंच्या शेडपुरतं का? सगळ्या झारेकऱ्यांना असं धुराडं मिळावं, आणि ते सराफांनी मनावर घेतल्याशिवाय होणार नव्हतं. मी गुजरीत, सराफांच्या पेठेत, खेटे घातले. अखेर एका पेढीच्या माडीवर सराफ मंडळी जमायचं ठरलं. त्यातले एक वयोवृद्ध सराफ आदल्या आठवड्यात शेडमध्ये डोकावून गेले होते आणि म्हणाले होते, "तेजाबाचा वास न्हाई हे खरं, पर कोळशाचा धुरकट वास येतोय की, मास्तर." तेवढं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पांढरीशुभ्र धोतरं नेसून माणसं येणार, त्यांच्यासमोर धुरकट वास नको! म्हणून आदल्या दिवशी मी दस्तगीरभाईंकडून फुललेला कोळसा मागून घेतला आणि कॉलेजच्या विजेच्या भट्टीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कडक तापवून ठेवला. उरलासुरला धूर निघून जावा म्हणून. लाल शाईची वही त्याच टेबलावर होती. ती उघडायची मला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाई माडीवर आधीच येऊन भट्टी मांडत होते. मी कोळसा दिला. त्यांनी सवयीनं एक तुकडा कानाशी नेला. तेवढ्यात कुणी मला हाक मारली म्हणून मी वळलो. नंतर ते थोडा वेळ दिसेनात. ऐन वेळी सायकलवरून घामाघूम होऊन परतले, काखेत तीच कापडी पिशवी घट्ट धरलेली. मंडळी बसली होती, मी इस्त्रीचा कोट घालून बोलायला उभा राहणार, आणि हे पिशवी घेऊन माझ्या कोटाला खेटून उभे. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. मी दात-ओठ खाऊन पुटपुटलो, "ती पिशवी आधी खाली ठेवा. चारचौघांत शोभत नाही." त्यांनी पिशवी बाकाखाली सरकवली.

मी बोललो झकास. मग धूर सोडला. बरणीबिरणी लांबच राहिली, नळीच्या तोंडातूनच तांबूस भपकारा निघाला आणि माडीभर झाला. मंडळींनी उपरणी नाकाला लावली. खिडक्या उघडण्यासाठी धावाधाव. कुणीतरी खोकता खोकता म्हणालं, "मास्तर, ह्यापरास आमचा झरोका बरा!" सगळे हसले. आणि तेव्हा दस्तगीरभाई पुढं झाले, टोपी सारखी केली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, सरांचं चुकल्यालं न्हाय. कोळसा म्या भाजलाय. भट्टी माज्याच हातनं जादा तापली."

चूक कुणाची हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी लख्ख कळलं, मीच कालचा अख्खा दिवस बसून चांगला कोळसा मारला होता. एक शब्द बोलायचा होता. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि शहाणासुरता माणूस अडाण्याच्या चुकीनं तोंडघशी पडला असं लोकांनी मानलं, ते मी मानू दिलं... हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. इथंच थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. पण मला इतका राग आला होता, स्वतःचा, सराफांचा, त्यांच्या त्या जोडलेल्या हातांचा, की आठवड्याभरात मी शेडमधून नळी काढून आणली. कॉलेजची मालमत्ता आहे, हिशेब द्यावा लागतो, असं काहीतरी बरळलो. दस्तगीरभाईंनी ती पुसून, फडक्यात गुंडाळून दिली. "संभाळून न्या सर, फुटंल." तशी नळी गुजरीत मिळत नव्हती, आणि माझ्यावाचून त्यांना ती कुठून मिळणार? ती प्रयोगशाळेच्या कपाटात गेली. ते परत झरोक्याखाली बसले.

त्यानंतर ते दरवर्षी रमजान ईदला रंकाळ्याजवळच्या माझ्या दोन खोल्यांवर यायचे, शिरखुर्म्याचा डबा घेऊन. पहिली दोन-तीन वर्षं सायकलवरून, मग चालत, मग मधे मधे बसत. हातकणंगल्याला दिलेल्या लेकीचं सांगायचे, पंचगंगेच्या पाण्याचं सांगायचे. कोळशाचं नाव आम्ही दोघंही काढत नसू. जिना चढून आले की पाच मिनिटं त्यांना बोलता येत नसे. मी समोर बसून त्यांचा श्वास ऐकत असे आणि मनात म्हणे, आज सांगू, चहा झाला की सांगू. चहा व्हायचा. ते उठायचे. दरवाजात म्हणायचे, "या की सर एकदा घरला. भाभी इचारती." मी म्हणायचो, "येतो, येतो." यंदाच्या ईदला डबा आलाच नाही. मला वाटलं, शेवटी रागावले वाटतं! वाटलं आणि बरंही वाटलं, ही माझी लायकी.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी गेलो. बोलावणं नव्हतं. लिंबाची शेडकडची बाजू पुन्हा वाळलेली. जेवणारी माणसं पांगल्यावर भाभींसमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. विजेची भट्टी, अख्खा दिवस, लाल शाई, नळी. त्या कितीतरी म्हाताऱ्या झाल्या आहेत. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यास्नी सकाळीच कळलंतं, सर."

"सकाळी?"

"व्हय की. कोळसा कानाला लावला, वाजला. तसंच सायकल हाणत घरला आलं. म्हणलं, सरांचा कोळसा जादा भाजलाय, ह्यो आपला चांगला घिऊन जातो. डबा भरून न्हेला पिशवीतनं." त्यांनी जमिनीवर सांडलेली शितं बोटानं गोळा केली. "मग तसाच भरल्याला माघारी आणला. म्या इचारलं, का वं? तर म्हणलं, सर कोट घालून उभं हुतं. एवढ्या लोकांम्होरं मास्तरला चुकलं म्हणायचं? माझ्या तोंडातनं निघंना."

कोटाला खेटून उभे होते ते, पिशवी काखेत... भाभी उठल्या आणि आतल्या फळीवरून पत्र्याचा एक डबा काढून आणला. झाकणाभोवती मेण लावून बंद केलेला. "चुलीला घालू देत न्हवते," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, ह्यो आपला न्हवं, सरांचा हाय. येतील कवातरी न्ह्यायला."

डबा आता माझ्या टेबलावर आहे. नळीसाठी कॉलेजला अर्ज लिहिला आहे. तिथल्या नव्या प्राध्यापकांना माझं नाव ठाऊक असेलच असं नाही. मिळाली तर दुसऱ्या एखाद्या झारेकऱ्याच्या शेडमध्ये बसवीन म्हणतो, आणि या खेपेला मोठ्यानं सांगीन की पहिल्यांदा चुकलं ते माझं. जिन्यावर पावलं वाजली की अजून कान टवकारतात. पण कुणी मधे बसत बसत येत नाही. जे येतात ते भराभरा येतात आणि वरच्या मजल्यावर जातात. सकाळी डब्याचं झाकण काढतो, एक तुकडा कानाशी धरतो आणि नखानं टिचकी मारतो. वाजत नाही. नऊ वर्षं झाली तरी वाजत नाही. कोळसा बरोबर आहे, दस्तगीरभाई. मी आलो होतो न्यायला.